हलग्याच्या अधिवेशनात पालिकेचा कायदा बदलतो तेव्हा

डिसेंबर आला की बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाची चर्चा सुरू होते. कुठला रस्ता बंद, कुठली लॉजेस सरकारी पाहुण्यांसाठी राखीव, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार की जमावबंदी लागणार, यावर गल्लोगल्ली बोलणे चालते. या गडबडीत एक कागद बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे सभागृहाची त्या दिवसाची कामकाजपत्रिका. त्यात 'विधेयके मांडणे' या शीर्षकाखाली कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ किंवा कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ यांपैकी एकाचे नाव दिसले, तर त्या दिवशी बेळगावजवळच्या हलग्यातल्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, आपली घरपट्टी, आपला उतारा, आपला वॉर्ड किंवा आपल्या दुकानाचे लायसन्स यांच्यावर निर्णय होत असतो.

सुवर्णसौधचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले. बेळगावातले पहिले अधिवेशन त्याआधी, २००६ मध्ये भरले होते. आमदार गावात असतात, मंत्री गावात असतात, त्यामुळे निवेदन द्यायला हीच वेळ योग्य असे वाटते. विधेयकाच्या बाबतीत मात्र ही समजूत महाग पडते. विधेयक मांडले जाते तेव्हा त्याचा मजकूर मंत्रिमंडळाने आधीच मंजूर केलेला असतो, आणि गोंधळाच्या दिवशी ते काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूरही होते. नागरिकाचे म्हणणे कागदावर उमटण्याची संधी तीन वेळा येते: विधेयक मांडण्याआधी, एका सभागृहातून दुसऱ्यात जाताना, आणि कायदा झाल्यावर त्याखालच्या नियमांचा मसुदा निघतो तेव्हा. तिसरी संधी सर्वांत भक्कम असते आणि आपल्याकडे तीच सर्वांत कमी वापरली जाते.

आधी आपला कायदा कोणता ते पाहा

बेळगाव शहरात राहणाऱ्यांना १९७६ चा महानगरपालिका कायदा लागू होतो. निपाणी आणि गोकाक नगरसभा, चिकोडीची पुरसभा, खानापूरची नगरपंचायत, या सगळ्या १९६४ च्या कायद्याखाली येतात. कॅम्पात घर असेल तर यांतला एकही कायदा थेट लागू नाही, कारण कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या २००६ च्या कायद्याने चालते. शहराला चिकटलेल्या, पण अजून ग्रामपंचायतीत असलेल्या गावांना पंचायतराज कायदा लागतो. महापालिकेच्या दुरुस्तीची बातमी वाचून ग्रामपंचायत हद्दीतले लोक धास्तावतात आणि १९६४ च्या कायद्यातली दुरुस्ती निपाणीकरांच्या लक्षातही येत नाही, असे यामुळेच होते. बातमीत नुसते 'पालिका विधेयक' लिहिलेले असते. मूळ कायद्याचे नाव आणि वर्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत जाते तेव्हा फरक मोठा पडतो. ग्रामसभा संपते, रोजगार हमीची कामे बंद होतात, आणि ई-स्वत्तूवरचा (पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीतला) नमुना ९ व ११ जाऊन त्या जागी पालिकेच्या ई-आस्तीवरचा (पालिकेच्या तशाच नोंदीतला) खाता, म्हणजे मालमत्तेचा उतारा, येतो. लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरची घनता, शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण आणि स्थानिक उत्पन्न हे निकष कायद्यातच दिलेले आहेत. दहा ते वीस हजार लोकसंख्येला नगरपंचायत, त्यापुढे पन्नास हजारांपर्यंत पुरसभा, तीन लाखांपर्यंत नगरसभा आणि त्यावर महापालिका, अशी ही चढण आहे. अधिसूचनेचा मसुदा निघाल्यावर हरकत घ्यायची असेल तर 'आमचे गाव गावच राहू द्या' एवढे लिहून भागत नाही. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण, जनगणनेचा आकडा, पंचायतीची वसुली, यांतला जो निकष गाव पुरा करत नाही त्यावर बोट ठेवावे लागते.

विधेयक शेवटाकडून वाचायला घ्या

विधेयक कन्नड आणि इंग्रजीत छापतात, मराठीत नाही. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी पाठ अधिकृत धरला जातो, म्हणून शंका आली की इंग्रजी पाठाशी ताडून पाहणे बरे. विधानसभेच्या संकेतस्थळावर मांडलेल्या विधेयकांच्या प्रती मिळतात. राज्याच्या संसदीय व्यवहार व विधी खात्याच्या संकेतस्थळावर मूळ कायदे आजवरच्या दुरुस्त्यांसह ठेवलेले आहेत, आणि कुठली ओळ कुठल्या वर्षी आली हे तिथल्या तळटिपांतून कळते.

दुरुस्ती विधेयक हातात आले की पहिले पान उलटून शेवटाकडे जा. तिथे 'उद्देश व कारणे' हे निवेदन असते. शासनाला नेमके काय हवे ते अर्ध्या पानात सांगितलेले असते आणि भाषा त्यातल्या त्यात सरळ असते. त्याच्या आसपास वित्तीय निवेदन आणि प्रत्यायोजित विधिविधानाचे निवेदन असते. हे दुसरे निवेदन पाच-सहा ओळींचे असल्यामुळे बरेच जण सोडून देतात, पण नागरिकाच्या दृष्टीने सगळ्यात कामाचे तेच आहे. कुठल्या कलमाखाली शासन पुढे नियम करणार याची यादी त्यात असते. ती यादी वहीत उतरवून ठेवा, कारण तिसरी संधी तिथूनच उघडते.

शेवटी परिशिष्ट येते. दुरुस्त होणारी मूळ कलमे त्यात जशीच्या तशी छापलेली असतात. दुरुस्ती विधेयकातले वाक्य एकटे वाचून काहीच बोध होत नाही. 'पोटकलम दोनमध्ये अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात येतील' यावरून काय कळणार? परिशिष्टातले मूळ कलम वहीच्या डाव्या पानावर घ्या, उजव्या पानावर बदल घालून तेच कलम पुन्हा लिहून काढा. अर्ध्या तासाचे काम आहे. हे न केल्यामुळे होणारी नेहमीची चूक अशी: पूर्ण कलमाच्या जागी नवे कलम येते, नव्यात काय आहे ते सगळे वाचतात, आणि जुन्यातले एखादे परंतुक ('परंतु' म्हणून जोडलेला अपवाद) नव्यात आलेलेच नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही. सवलती, अपिलाची मुदत, सुनावणीचा हक्क या गोष्टी बहुधा परंतुकातच असतात.

वाचताना काही शब्दांपाशी थांबा. 'करील' असेल तर ते बंधन असते, 'करू शकेल' असेल तर मर्जी असते. 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' आले की खरा तपशील नियमांत आहे असे समजा. 'काहीही अंतर्भूत असले तरी' अशी सुरुवात असलेले कलम बाकीच्या कलमांवर मात करते. 'विधिग्राह्य' हा शब्द करासंबंधीच्या कलमात आला तर जास्तच बारकाईने वाचा. आधी झालेली वसुली मागाहून कायदेशीर ठरवण्यासाठी तो येतो, आणि परताव्याच्या मागण्या त्यात बुडतात. पहिल्याच कलमात अंमलाची तारीख असते. 'शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून' असे लिहिलेले असेल, तर कायदा मंजूर होऊन राजपत्रात आला तरी अधिसूचना निघेपर्यंत लागू होत नाही. वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळ्या तारखाही देता येतात.

दोन सभागृहांमधले दोन-चार दिवस

कर्नाटकात विधानसभा २२४ जणांची आणि विधान परिषद ७५ जणांची. मांडणे, विचारात घेणे आणि मंजूर करणे या पायऱ्या दोन्हीकडे होतात. गणपूर्तीला एक दशांश सदस्य किंवा दहा, यांतला जो आकडा मोठा तो लागतो. म्हणजे विधानसभेत २३ आणि परिषदेत १० जण हजर असले की विधेयक पुढे सरकू शकते.

कर आला म्हणजे धन विधेयक, आणि परिषदेच्या हाती काही नाही, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. राज्यघटनेच्या कलम १९९ च्या दुसऱ्या खंडात स्पष्ट म्हटले आहे की, स्थानिक संस्थेने स्थानिक कामासाठी लावायच्या कराची तरतूद आहे एवढ्यावरून कुठलेही विधेयक धन विधेयक होत नाही. घरपट्टीची दुरुस्ती परिषदेत पूर्ण चर्चेला येते, तिथे सुधारणा सुचवता येते, विधेयक तीन महिन्यांपर्यंत अडूही शकते. विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर परिषदेला आणखी एकच महिना मिळतो. शेवटी विधानसभेचे चालते हे खरे, पण चार महिने काही थोडे नव्हेत.

यात आपल्या जिल्ह्याचा एक धागा आहे. परिषदेच्या ७५ पैकी २५ जागा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात आणि बेळगावच्या वाट्याला त्यांतल्या दोन येतात. महापालिकेचे नगरसेवक, नगरसभा-पुरसभांचे सदस्य आणि ग्रामपंचायत सदस्य हे तिथले मतदार. पालिकेच्या कायद्यातला बदल या दोन सदस्यांच्या मतदारांच्या अधिकाराशी थेट निगडित असतो. तरी त्यांच्याकडे लोक रस्त्याचा निधी मागायला जातात, विधेयकातले कलम घेऊन फारसे कुणी जात नाही. विधानसभेने विधेयक मंजूर केले की त्याच संध्याकाळी आपल्या नगरसेवकामार्फत या सदस्यांना एक पानाची टीप पोचवा. टिपेत कलमाचा क्रमांक, आक्षेप आणि हवा असलेला पर्यायी मजकूर, एवढेच हवे. 'हा काळा कायदा मागे घ्या' या वाक्याला सुधारणेची सूचना म्हणून मांडता येत नाही. 'पोटकलम तीनमधील पंधरा दिवस या शब्दांऐवजी तीस दिवस' याला मांडता येते.

प्रश्नाचे गणित आणखी वेगळे. आमदाराने तारांकित किंवा अतारांकित प्रश्न विचारायचा तर साधारण पंधरा दिवसांची आगाऊ सूचना लागते. ९ डिसेंबरला अधिवेशन सुरू होणार असेल, जसे २०२४ मध्ये झाले, तर प्रश्नाचा मसुदा नोव्हेंबरच्या मध्यालाच आमदारांच्या कार्यालयात हवा. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेला कागद फार तर लक्षवेधी सूचनेत जाऊ शकतो, विधानसभेत नियम ७३ खाली आणि परिषदेत नियम ७२ खाली. परिषदेतला नियम ३३० सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरील चर्चेसाठी आहे. प्रश्न असा घाला की त्याचे उत्तर आकड्यात द्यावे लागेल: बेळगाव महापालिकेकडून आरोग्य उपकर म्हणून तीन वर्षांत किती वसूल झाला, त्यातला किती शहरात खर्च झाला? लेखी उत्तर नोंदीवर येते आणि पुढच्या वर्षी त्याचा आधार घेता येतो.

अधिवेशन नसताना वटहुकूम निघू शकतो. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे विधेयक मंजूर झाले नाही, तर तो आपोआप संपतो. वटहुकूम निघाला त्याच दिवशी पुढच्या अधिवेशनात त्याचे विधेयक येणार हे नक्की झालेले असते. अभ्यासाला एवढा वेळ एरवी मिळत नाही, तो वाया घालवू नये.

घरपट्टीच्या पावतीवर राज्याचे किती

घरपट्टी महापालिका ठरवते असा समज आहे. पावती नीट पाहिली तर वेगळे चित्र दिसते. समजा मूळ कर ४,००० रुपये आहे. त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के म्हणजे ६००, ग्रंथालय उपकर ६ टक्के म्हणजे २४०, भिक्षेकरी उपकर ३ टक्के म्हणजे १२० आणि नगर परिवहन उपकर २ टक्के म्हणजे ८० रुपये. हे झाले १,०४० रुपये, एकूण ५,०४०. घनकचऱ्याचा आकार त्याहून वेगळा. हे चारही उपकर राज्याच्या कायद्यांनी आलेले आहेत. आरोग्य उपकराचा कायदा १९६२ चा, ग्रंथालयांचा १९६५ चा, भिक्षा प्रतिबंधाचा १९७५ चा. पालिकेने ते वसूल करून त्या त्या खात्याकडे वळते करायचे असतात. उपकर मूळ कराच्या टक्केवारीत असल्यामुळे मूळ कर ५ टक्क्यांनी वाढून ४,२०० झाला की उपकरही वाढून १,०९२ होतो, आणि घरमालकाला २०० ऐवजी २५२ रुपये जास्त मोजावे लागतात.

मूळ करसुद्धा आता पूर्णपणे पालिकेच्या सभागृहाच्या हातात नाही. कर मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर लागतो आणि ते मूल्य नोंदणी खात्याच्या मार्गदर्शक मूल्याला, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी शासनाने ठरवलेल्या दराला, बांधलेले आहे. ते दर राज्यभर १ ऑक्टोबर २०२३ पासून वाढले, तेव्हा बहुतेकांनी ही फक्त खरेदी-विक्रीची बाब समजली. त्याखेरीज दरवर्षी ३ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान करवाढ करणे पालिकांवर बंधनकारक झाले आहे. सभागृहाला निवडता येते ती या दोन आकड्यांच्या मधली जागा. करवाढीच्या मुद्द्यावरूनच २०२३ मध्ये बेळगाव महापालिकेला बरखास्तीबद्दल कारणे दाखवा नोटीस आली होती. म्हणून 'नगरसेवकांनी घरपट्टी वाढवली' म्हणून मोर्चा काढण्याआधी वाढीतला कोणता भाग ठरावातून आला, कोणता मार्गदर्शक मूल्यातून आणि कोणता उपकरातून, याची फोड करा. फोड केलेला कागद महसूल विभागात पुढे ठेवला की अधिकारीही नेमके बोलतात.

एप्रिलमध्ये पूर्ण कर भरल्यास ५ टक्के सूट आणि जूननंतर थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड, ही कायद्यातली रचना आहे. काही वर्षी या सवलतीची मुदत वाढते, पण ती शासनाच्या आदेशाने. वाढेल या आशेवर थांबणे धोक्याचे, कारण वर्षभर थकले तर दंड २४ टक्क्यांच्या घरात जातो.

एक गैरसमज मात्र कुटुंबांना बुडवतो. अनधिकृत प्लॉटवर कर घेतला किंवा बी-खाता (अनधिकृत मालमत्तेची वेगळी नोंद) दिला म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, असे नाही. कर वसूल केल्याने नियमितीकरणाचा हक्क मिळत नाही, हे कायद्याने स्पष्ट केले आहे. शहराच्या कडेला शेतीच्या सर्व्हे नंबरात गुंठ्याने प्लॉट पाडून विकलेले असतात. बिनशेती नाही, लेआउटची मंजुरी नाही, आणि घेणाऱ्याला करपावती दाखवून निश्चिंत केले जाते. पावती ही मालकीचाही पुरावा नाही. घेण्याआधी आरटीसी (जमिनीचा उतारा), बिनशेतीचा आदेश, बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) किंवा नगररचना खात्याने मंजूर केलेला लेआउट आणि बोजा प्रमाणपत्र हे चार कागद एकमेकांशी ताडून पाहा. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा चारही ठिकाणी एकच हव्यात.

दुकानाची पाटी: कायदा राज्याचा, माप पालिकेचे

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतल्या दुकानदारांना जो बदल सगळ्यात आधी जाणवला तो पालिकेच्या कायद्यातला नव्हता. कन्नड भाषा समग्र विकास कायदा २०२२ चा आहे. पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावे यासाठी जानेवारी २०२४ मध्ये वटहुकूमाचा प्रयत्न झाला. राज्यपालांनी तो परत पाठवला, आणि फेब्रुवारीच्या अधिवेशनात त्याच आशयाचे विधेयक मंजूर झाले. अंमलबजावणी मात्र स्थानिक संस्थेकडे. लायसन्स देणारी आणि नूतनीकरण अडवू शकणारी तीच असते.

इथे भावनेइतकेच मापही कामाला येते. पाटी दहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असेल तर क्षेत्र ३० चौरस फूट. कन्नडसाठी १८ चौरस फूट हवे, म्हणजे पूर्ण रुंदीत वरचा २१.६ इंचांचा पट्टा. खाली १४.४ इंच उरतात आणि त्यात मराठी लिहायला कायद्याची आडकाठी नाही. इंग्रजीही तिथेच घालायचे असेल तर पट्टा उभा विभागून डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी केले की दोन्ही अक्षरे रस्त्यावरून वाचता येतात. एकाखाली एक घातली तर सात-सात इंच उरतात आणि मराठीच्या मात्रा-वेलांट्या दबून जातात. पेंटर नेहमी अक्षरांची उंची मोजतो, तर तपासणीला येणारे पट्ट्याचे क्षेत्र पाहतात. लोगो आणि फोन नंबर कन्नडच्या पट्ट्यात घुसवले की वाद होतो. ते खाली घ्या. पाटी बसवल्यावर मापाची टेप धरून फोटो काढा आणि लायसन्सच्या फाइलमध्ये ठेवा. मराठी अक्षर पाटीवर टिकवायचे तर उरलेला ४० टक्के भाग आपण सुबक आणि ठळक वापरला पाहिजे, असे माझे मत आहे. तो रिकामा सोडायला किंवा सगळा इंग्रजीला द्यायला आपल्याला कुणी सांगितलेले नाही.

नियमांचा मसुदा आणि आपली हरकत

आता तिसरी संधी. कायद्याखालचे नियम करताना शासन आधी मसुदा राजपत्रात छापते आणि हरकती-सूचना मागवते. मुदत बहुधा तीस दिवसांची असते. वॉर्ड रचना आणि आरक्षणाच्या मसुद्यांना ती बरीच कमी असू शकते. किती, ते मसुद्यातच लिहिलेले असते. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात. वर्तमानपत्रात बातमी येईपर्यंत आठवडा-दीड आठवडा गेलेला असतो. शिवाय हरकत मुदतीत पोचायला लागते, पोस्टात पडून चालत नाही. बेंगळूरला विकास सौधमध्ये नगरविकास खात्याकडे पाठवायची असेल तर शेवटचे पाच दिवस धरूच नका.

हरकतीच्या डोक्यावर मसुद्याचा अधिसूचना क्रमांक आणि तारीख घाला. तो नसेल तर पत्र 'इतर निवेदने' या गठ्ठ्यात जाते. पुढे नियम क्रमांक, मसुद्यातला मजकूर, तुमचा आक्षेप, सुचवलेला मजकूर आणि कारण. एका पानावर एकच नियम. दहा मुद्दे एका पत्रात कोंबले तर उत्तर एका मुद्द्याचेच येते, तेही सर्वांत दुबळ्या मुद्द्याचे. कारण देताना कायद्यातले कलम पुढे ठेवा: हा नियम मूळ कलमाच्या बाहेर जातो, किंवा अपिलाचा हक्क कलमात आहे पण नियमात त्याची रीतच दिलेली नाही. अशा आक्षेपाला खात्याच्या विधी शाखेला उत्तर द्यावेच लागते. दोनशे सह्यांचे एकच पत्र आणि दोनशे छापील प्रती, दोन्ही शेवटी एकाच मुद्द्यात जमा होतात. त्यापेक्षा वीस गल्ल्यांतून आपापल्या आकड्यांसह आलेली वीस वेगळी पत्रे जास्त काम करतात.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठी अर्ज टेबलावरून परत करता येत नाही. कुणी परत केलाच तर रजिस्टर पोस्टाने तोच अर्ज पाठवा आणि त्यात कलम ३५० चा उल्लेख करा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेले आहे. मराठी मसुद्याची मागणी करताना त्याचा आधार घ्या. मात्र ती मागणी वेगळ्या पत्रात करा आणि नियमावरची हरकत वेगळ्या पत्रात. दोन्ही एकत्र केले की भाषेच्या मुद्द्यावर शेरा पडतो आणि घरपट्टीचा मुद्दा बाजूला राहतो. मराठी हरकतीला कन्नड भाषांतर जोडणे कायद्याने सक्तीचे नाही, पण फाइल हाताळणारा कारकून कन्नडच वाचतो. तीस दिवसांची मुदत भाषांतराच्या प्रतीक्षेत जाऊ नये म्हणून ते जोडावे असे मी आग्रहाने सांगेन. मूळ प्रत मराठी, सही मराठी, खाली भाषांतर.

हरकतीचे काय झाले हे माहिती अधिकारात विचारता येते. फी दहा रुपये. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, ती ओलांडली की अर्ज परत येतो. 'अमुक अधिसूचनेवर आलेल्या हरकतींची यादी आणि प्रत्येकीवरील अभिप्रायाची प्रत द्यावी' एवढे एक वाक्य पुरते.

पालिकेच्या सभागृहाचाही उपयोग करून घ्या. मासिक सभेत मसुद्यावर ठराव करून तो शासनाला पाठवता येतो आणि संस्थेचा ठराव म्हणून त्याला वजन असते. ठरावाचा मजकूर मात्र पालिकेच्या अधिकारकक्षेतला असावा. शासनाला ठराव रद्द करण्याचा आणि कलम ९९ खाली सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार आहे, आणि बेळगावने बरखास्ती २००५ आणि २०११ अशी दोनदा पाहिली आहे. बरखास्तीआधी म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि सहा महिन्यांत निवडणूक घेणे राज्यघटनेच्या कलम २४३ यू प्रमाणे बंधनकारक आहे. कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर म्हणूनच मुद्देसूद आणि मुदतीत जायला हवे. याच कलमाप्रमाणे सभागृहाची पाच वर्षे पहिल्या बैठकीपासून मोजतात. ५८ वॉर्डांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडीची पहिली बैठक फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्यामुळे मुदतीचा हिशेबही तिथूनच. मधल्या काळात प्रशासकाने कारभार पाहिला आणि निवडून आलेल्यांना सभागृहच नव्हते. आरक्षणाच्या मसुद्यावरच्या हरकती वेळेत निकाली निघाल्या नाहीत की प्रकरण कोर्टात जाते आणि असे महिने वाया जातात.

वॉर्ड समितीकडेही कायद्याने दिलेली जागा आहे. नगरसेवक अध्यक्ष आणि दहा सदस्य, त्यांत किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. समितीच्या इतिवृत्तात मसुद्यावरचे मत नोंदवून घेतले की ते पुढे पाठवणे सोपे जाते. आपल्या वॉर्डात समिती कागदावर आहे की बसते, हे नगरसेवकाला लेखी विचारा.

नियम अंतिम झाले तरी दार पूर्ण बंद होत नाही. मंजूर नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण तीस दिवस ठेवावे लागतात, हे दिवस एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात, आणि त्या काळात सभागृहांना नियमांत बदल करता येतो किंवा ते रद्दही करता येतात. वर्षभरात निघालेले नियम हलग्याच्या अधिवेशनात 'पटलावर ठेवायची कागदपत्रे' या मथळ्याखाली येतात. कामकाजपत्रिकेत ही यादी बहुधा सुरुवातीलाच असते. त्यात नगरविकास खात्याच्या अधिसूचनांचे क्रमांक शोधा, आपल्या वहीतल्या यादीशी ताडा, आणि जुळणारा क्रमांक सापडला की त्याच दिवशी आमदार किंवा परिषद सदस्यांकडे बदलाच्या सूचनेचा मजकूर द्या.